भिंतीखालून चालणारा वेळू

सोमवार, २० जुलै १९६४. मेहकर

वांग्यांच्या वाफ्यात आज सकाळी अकरा कोंब मोजले. परवा चार होते. अंगठ्याएवढे जाड, टोक भाल्यासारखे. एकाने तर वांग्याचे रोप मुळासकट उचलून वर आणले आहे. ओढावे तर कोंब हातात येतो, मूळ खाली जिथल्या तिथे.

परसाच्या मागच्या भिंतीला लागून वेळूचे बेट आहे. भिंतीच्या अलीकडे आहे, तसे पलीकडेही. पलीकडे पंजाबरावांचे आवार. मी नोकरीत होतो तेव्हा आठवड्यातून एक दिवस घरी असे. कधी चिखली, कधी सिंदखेडराजा, साखळी टाकून लोकांची शेते मोजत हिंडलो. आपल्या परसात मागे काय उगवते ते पाहायला सवड नव्हती. निवृत्त होऊन आठ महिने झाले. आता पाहतो तर निम्मे परस वेळूने घेतले आहे.

मोजणी खात्यात एकतीस वर्षे काढलेल्या माणसाला यात नवे काही नाही. अतिक्रमण करणारा आधी झाड लावतो. मग झाडाची सावली आपली म्हणतो, मग सावलीखालची जमीन. पंजाबरावांनी त्रेपन्न साली ही भिंत बांधली ती माझ्या हद्दीत दीड फूट आत. मी स्वतः मोजली. त्यांनी मानले नाही, मी सोडले नाही. तेव्हापासून त्या घराशी बोलणे नाही. सौ.लाही तेव्हाच सांगून ठेवले की त्या उंबऱ्यावर आपल्या घरचे पाऊल पडायचे नाही. तिने एका शब्दाने वाद घातला नाही.

दीड फुटाने पोट भरले नाही, म्हणून आता वेळू.

बुधवार, २२ जुलै

बेट मोजले. भिंतीच्या अलीकडे लांबी सत्तावीस फूट, रुंदी कुठे आठ, कुठे अकरा. सौ.ला म्हटले, हे सगळे काढून टाकणार. ती भाकरी थापत होती. हात थांबला.

"राहू द्या ना. आडोसा होते," म्हणाली.

कशाचा आडोसा, विचारले. वाऱ्याचा, म्हणाली. वाऱ्याला भिंत आहे की.

दुपारी पडलो होतो तेव्हा बेटाकडून बोलणे ऐकू आले. बायकी आवाज, मध्ये हसणे. उठून गेलो तर सौ. एकटीच वेळूतून बाहेर येत होती, हातात विळा. कोणाशी बोलत होतीस म्हटले, तर शेळीशी म्हणाली. शेळी पुढच्या अंगणात बांधलेली होती. नोंदवून ठेवतो.

शनिवार, २५ जुलै

जेवणात एक लोणचे होते. पांढरट, कुरकुरीत, कैरीचे नव्हे, लिंबाचे नव्हे. चांगले होते, दोनदा घेतले. कुठले म्हटल्यावर सौ. म्हणाली, बाजारातले. या आठवड्यात ती बाजारात गेलेली नाही. वाटीही आपली वाटली नाही. आपल्या भांड्यांवर माझे नाव कोरलेले आहे. मी वाटी फिरवून पाहणार तोच तिने ती उचलून घासायला नेली.

एकतीस वर्षांत मी एक शिकलो. लपवण्यासारखे काही नसले की माणूस घाई करत नाही.

मंगळवार, २८ जुलै

साखरखेर्ड्याचा कडूबा आजपासून कामावर आला. आडांचा गाळ काढणे, चर खणणे, ही त्याची कामे. माणूस साठीचा, पण टिकास धरली की तिशीचा. बेटाभोवती दोन चकरा मारून म्हणाला, "साहेब, हा आपल्याकडचा वेळू नाई. आपला वेळू एका जागी बसते. हा चालते. जमिनीखालून सात-आठ हात जाऊन कोंब काढते."

कुठून चालत आला, ते विचारले.

"मूळ धरून मांगं मांगं गेल्याबिगर कसं सांगू?"

मी म्हटले, त्याची गरज नाही, भिंतीपलीकडून आला. त्याने टिकास उचलली.

नंतर लाकडी शिडी लावून भिंतीवरून पलीकडे खाली वाकून पाहिले. त्यांच्या बाजूचा एकूण एक कोंब विळ्याने बुडापासून कापलेला. कापणी ताजी, आणि कापलेले कोंब जागेवर नाहीत. कोणी उचलून नेलेत. म्हणजे पंजाबराव आपल्या बाजूने कापत राहतात आणि वेळूचा सगळा जोर माझ्याकडे वळवतात. माणूस हुशार, हे मान्य केले पाहिजे.

शुक्रवार, ३१ जुलै

आडात उतरून कडूबाने दाखवले. चौथ्या थरात दोन दगडांच्या मधून पांढरी मुळी आत आली आहे, मनगटाएवढी. दगड बाहेर सरकला आहे. आणखी दोन पावसाळे गेले असते तर आडाची एक बाजू खाली बसली असती. चुळकाभर पाण्यासाठी नगरपालिकेच्या नळावर रांगेत उभे राहण्याची वेळ.

सौ. आडाच्या काठावर उभी राहून बघत होती. एकदम म्हणाली, "तिकडच्या आडातबी गेली असंन काय?"

तिकडे आड मागच्या बाजूला, भिंतीपासून जवळ आहे, हे हिला कसे ठाऊक? तो त्यांनी छप्पन्न साली खणला. अकरा वर्षांत हिने त्या घरात पाऊल टाकलेले नाही. मी तिच्याकडे पाहिले तशी ती घागर उचलून आत गेली.

रविवार, २ ऑगस्ट

अलीकडचा निम्मा वेळू तोडून झाला. परसात मोठा ढीग पडला आहे. मी कडूबाला म्हटले, वाळला की पेटवून दे. तो चाचरला. "वेळू जाळत नसतात साहेब. वंश जळते." पाठीमागे सौ. उभी होती. तीही म्हणाली, जाळू नका, कोणाला मांडवासाठी देऊन टाका.

घामाने, उन्हाने डोके फिरले होते. म्हणालो, आपल्याला जळायला कोणता वंश आहे?

सौ. आत गेली आणि दिवसभर कामाशिवाय बाहेर आली नाही. बोललो ते बरे झाले नाही. सत्तावीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट मी तिला तोंडावर कधी म्हटली नव्हती. कडूबाही संध्याकाळी हजेरी न सांगता निघून गेला.

ढीग बुरुडाला देऊन टाकला.

बुधवार, ५ ऑगस्ट

आज मोठी गोष्ट उघडकीस आली.

बेटाचा मधला भाग कडूबाने मोकळा केला. आत वेळू गोलाकार वाकवून खोलीसारखी जागा केलेली. खाली सपाट दगड, बसून बसून गुळगुळीत झालेला. त्याच्या समोर भिंतीचे तीन दगड काढून भोक पाडलेले, हात कोपरापर्यंत सहज जाईल एवढे. वाकून पाहिले. पलीकडेही तसाच सपाट दगड. भोकाच्या कडेवर चुन्याचे बोट पुसलेले, सुपारीचे खांड, आणि एक रिकामी पितळी वाटी. वाटीवर कोरलेले नाव पंजाबरावांचे.

म्हणजे माझ्या घरातून त्यांच्याकडे देवाणघेवाण चालू आहे. मी लगेच आत जाऊन पत्र्याची पेटी उघडली. त्रेपन्न सालच्या मोजणीचा नकाशा जागेवर आहे, पण मी घडी उभी घालतो, ती आडवी वाटली. आता खात्री देत नाही. पण वाटली.

कडूबाकडून तिथल्या तिथे चिखल आणि दगड घालून भोक बुजवून घेतले. सौ. न्हाणीच्या दारात उभी होती. बुजेपर्यंत हलली नाही. मी म्हटले, तुला काही सांगायचे आहे काय? ती म्हणाली, "तुमाले काही इचारायचं हाये काय?"

हे उत्तर नव्हे.

गुरुवार, ६ ऑगस्ट

नगरपालिकेत अर्ज दिला. शेजारी पंजाबराव यांनी परदेशी जातीचा वेळू लावून माझ्या आवारावर अतिक्रमण केले, आडास व भिंतीस धोका निर्माण केला, तरी समक्ष पाहणी व्हावी. अर्ज दोन पानी, सोबत हाताने काढलेला नकाशा. अक्षर अजून चांगले येते.

मंगळवार, ११ ऑगस्ट

सौ. बोलते, पण कामापुरते. दोनदा भाजीत मीठ नव्हते. दुपारी ती परसात जाऊन बुजवलेल्या जागेसमोर उभी राहते, मोकळ्यावर, कोणालाही दिसेल अशी. आज भिंतीला हात लावून होती. मी मुद्दाम खोकलो. तरी तिने हात काढला नाही.

पलीकडून कोणी बोलत नाही. हेही संशयास्पद आहे. चोरी पकडली गेली की चोर गप्प बसतो.

शुक्रवार, १४ ऑगस्ट

हे लिहू की नको, असा विचार सकाळपासून करतो आहे. वही माझी आहे, म्हणून लिहितो.

कडूबाचे म्हणणे, मुळ्या तोडून उपयोग नाही, मुख्य गड्डा काढला पाहिजे. म्हणून मी दोरी आणि टेप घेऊन त्याच्यासोबत लागलो. प्रत्येक मुळी मोकळी करायची, तिची दिशा कागदावर मांडायची. मुळीची पेरे जिकडे आखूड आणि जून तिकडे जन्म, जिकडे लांब आणि कोवळी तिकडे तोंड, हे कडूबाने शिकवले. सत्तावीस मुळ्या मांडल्या. सगळ्यांची तोंडे भिंतीकडे. भिंतीकडून इकडे येणारी एकही नाही.

गड्डा आमच्या न्हाणीमागे निघाला. काळा, बैलाच्या डोक्याएवढा. त्याच्या बुडाशी कुजलेले गोणपाट, आणि गोणपाटाला बांधलेली तार.

गोणपाट पाहताच आठवले. सौ.चे भाऊ शेषराव पलटणीत होते, आसामात. पंचावन्न साली रजेवर आले तेव्हा ओल्या गोणपाटात काही गुंडाळून आणले होते. मला वाटले चहाचे रोप असेल. दुसऱ्या दिवशी मी दौऱ्यावर गेलो.

कडूबाने कागदाकडे पाहिले, मग माझ्याकडे. म्हणाला, "मूळ आपल्याकडचंच निंगालं साहेब." मी त्याला सांगितले, कोणाला बोलू नकोस. तो म्हणाला, मी कोणाले बोलतो. पण त्याने ज्या रीतीने टिकास खाली ठेवली ती मला आवडली नाही.

सोमवारी पाहणीला माणूस येणार आहे. गड्डा पुन्हा मातीखाली झाकून ठेवला आहे. लोकांच्या हद्दी मोजताना मी एक कडीही इकडची तिकडे केली नाही. ही गोष्ट मी आज चार वेळा स्वतःला सांगितली.

सोमवार, १७ ऑगस्ट

नगरपालिकेचे ओव्हरसिअर दहा वाजता आले. पंजाबरावांनाही बोलावले होते. ते मागच्या बाजूने त्यांच्या आवारात उभे राहिले, मी माझ्या. मध्ये भिंत, हनुवटीएवढी. अकरा वर्षांत त्यांना इतक्या जवळून पाहिले नव्हते. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

ओव्हरसिअरने अर्ज वाचून दाखवला आणि विचारले, वेळू तुमचा काय? माझ्या मागे दहा हातांवर गड्डा झाकलेला.

पंजाबराव म्हणाले, "हाव. लिहा माहा म्हणून. काढून टाकतो."

ओव्हरसिअरने लिहिले, सही घेतली, गेले. पाच मिनिटांत काम संपले. मी तिथेच उभा. मनात पहिला विचार आला तो हा की यात कोणता डाव? वेळू आपला म्हटला म्हणजे वेळूखालची जमीन आपली म्हणायला उद्या मोकळे. मी ते बोलूनही दाखवले. ते म्हणाले, "भगवंतराव, तुमच्या न्हाणीमांगून येते थो वेळू. मले सात वर्सांपासून मालूम हाये. माही भिंत फुगली. माह्या आडाचे दोन दगड पडले."

मी विचारले, मग इतकी वर्षे बोलला का नाहीत?

"बोललो असतो तं तुमी दुसऱ्या दिवशी तोडून टाकला असता. मंग तुमच्या घरची अन् माही गोजरबाई, ह्या दोघी कुठं बसल्या असत्या?"

ते जायला वळले, मग पुन्हा थांबले.

"गोजरबाई पडून हाये. मुदतीचा ताप, आज अकरावा दिवस. रोज इचारते, रुखमाबाई काऊन नाई आली. मी काय सांगू तिले? तुमच्या घरी निरोप धाडतो म्हटलं तं कोण्या तोंडानं? एक भोक होतं, थे तुमी बुजवलं."

मी घरात गेलो. सौ. तांदूळ निवडत होती. जसे ऐकले तसे सांगितले. तिने सूप खाली ठेवले, पदर नीट घेतला, आणि पुढच्या दाराने, भर दिवसा, रस्त्याने गेली. वाण्याचे दुकान, मारुतीचा पार, तिथले सगळे लोक बघत असतील. तिने मला विचारले नाही. मीही जा किंवा जाऊ नको म्हटले नाही. निवडलेले तांदूळ आणि न निवडलेले, दोन्ही तसेच पडून होते. ते मी एका डब्यात भरले. हे चुकले, हे नंतर लक्षात आले.

मंगळवार, १८ ऑगस्ट

सौ. तिकडेच आहे. सकाळी येऊन भाकरी टाकून गेली. डोळे सुजलेले. म्हणाली, तिनं वळखलं मले.

मी नगरपालिकेत गेलो. नवा अर्ज लिहिला: सदर वेळू अर्जदाराच्या स्वतःच्या आवारात लावलेला असून शेजाऱ्यांचा त्यात काही दोष नाही, झालेले नुकसान अर्जदार भरून देईल. कारकुनाने दोनदा वाचले आणि विचारले, साहेब, अर्जदार म्हणजे कोण? म्हटले, मी. बाहेर आलो. बाकावर बसून पाणी प्यालो.

शुक्रवार, २१ ऑगस्ट

आज मी आणि कडूबा पुढच्या रस्त्याने पंजाबरावांच्या घरी गेलो, टिकास, सब्बल, घमेले घेऊन. त्यांच्या बाजूच्या मुळ्या काढल्याशिवाय काम पुरे होणार नाही. उंबऱ्यापाशी मी थांबलो. पंजाबराव म्हणाले, या. एवढेच.

गोजरबाई मागच्या ओसरीत खाटेवर होत्या. फार वाळल्या आहेत. सौ. त्यांच्या पायथ्याशी बसून पेज गाळत होती, स्वतःच्या घरात असल्यासारखी. फडताळात हात घातला तो बरोबर चाळणीवर गेला. मग कळले, वस्तू कुठे असतात हे नुसते भोकातून ऐकूनही माणसाला एखादे घर माहीत होऊ शकते; आडाचेही तसेच. तिथल्याच फळीवर बरणी दिसली. कोवळ्या कोंबांचे, म्हणजे वास्त्यांचे लोणचे. मी मागे गेलो आणि संध्याकाळपर्यंत खणले. हाताला फोड आले.

कडूबा म्हणाला, साहेब, तुमी बसा. मी बसलो नाही.

रविवार, ३० ऑगस्ट

गोजरबाईंचा ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, आता खाण्याला जपा.

मुळ्या काढताना भिंतीचा पंधरा फुटांचा तुकडा पडला. वेळूनेच तिला धरून ठेवले होते, असे कडूबा म्हणतो. कोणी दबले नाही. पडलेल्या जागेतून त्यांची ओसरी आमच्या चुलीपासून सरळ दिसते. मी तिकडे पाहायचे टाळतो. पाहिले तर माझ्याकडे कोणी पाहत नसते.

रविवार, ६ सप्टेंबर

गवंडी आला. पंजाबरावांनी दोरीचा गुंडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "भिंत कुठून न्यायची थे तुमीच सांगा. तुमचा धंदा हाये." आवाजात टोमणा आहे काय ते मी नीट ऐकले. नव्हता. किंवा मला कळला नाही.

दोरी जुन्या पायावरच धरली. दीड फूट माझा आहे, आजही आहे, आणि हे मी फक्त इथे लिहून ठेवतो.

गवंड्याने विचारले, दार ठेवायचे काय, आणि केवढे? मी तीन फूट म्हणणार होतो. मग म्हटले, घरातून विचारून ये. तो विचारून आला. सौ.ने सांगितले होते, दोघी जणी एकदम निघतील एवढे. साडेचार फूट धरले.

संध्याकाळी सौ. वाती वळत बसली होती. मी तिच्यासमोर पाट घेऊन बसलो. एवढ्या दिवसांत जे विचारायचे होते ते विचारले. भिंतीशी बसून तुम्ही दोघी नऊ वर्षे माझ्याबद्दल काय बोलत होता?

ती वळता वळता थांबली. खरोखर आठवून पाहिले तिने, मी बघत होतो.

"तुमच्याबद्दल?" म्हणाली. "तुमचं नाव तं कधी निंगालंच नाई."

मग पुढची वात घेतली. मी विचारले, मग काय बोलत होता? तिने मान वर केली नाही, पण सांगायला लागली. जेवणाची वेळ होऊन गेली तरी ती सांगत होती, आणि त्यातले निम्मे मला माहीत नव्हते.